पाण्याचा पुरावा

“आता हलायचं नाही. मी सांगेपर्यंत कुणीही हलायचं नाही.”

तेहेतीस वर्षांपूर्वी एका फोटो स्टुडिओत ऐकलेला हा आवाज अजून माझ्या कानात आहे. घोगरा, सर्दी झालेला, पण हुकमी. आम्ही तिघं एका रंगवलेल्या धबधब्यापुढे बसलो होतो. दिवा लख्खकन उडाला, डोळ्यांपुढे जांभळी वर्तुळं नाचली, आणि फोटोग्राफर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ‘हला आता’ असं म्हणायचं तो विसरला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. तो आपल्या मनानेच हलला, खुर्चीवरून उडी मारून उतरला, आणि वाढत वाढत दोन समुद्रांपलीकडे गेला. त्याची आई चार वर्षांपूर्वी हलली, तीही न सांगता. मी मात्र शिस्तीचा माणूस. तीन खोल्यांच्या घरात पाठ ताठ आणि हात मांडीवर ठेवून मी अजून त्या आवाजाची वाट बघतो आहे.

मुलाचा फोन रविवारी सकाळी दहाला येतो. तो विचारतो, बरं आहे? मी म्हणतो, बरं आहे. जेवण? होतं. गुडघा? आहे. मग तो म्हणतो, “ठेवू?” आणि मी घाईघाईने म्हणतो, “ठेव, ठेव,” जणू इकडे माझं दूध उतू चाललंय. सगळं मिळून चार मिनिटं. त्यानंतर पुढच्या रविवारपर्यंत दाराला कडी, कडीला कुलूप, कुलपाला किल्ली, आणि किल्लीला मी.

एका रविवारी मात्र ‘ठेवू?’च्या जागी तो म्हणाला की वाढदिवसाला तो मला कॅमेरा पाठवणार आहे. घरात बसून बसून मी गंजत चाललोय, बाहेर पडावं, चार फोटो काढावेत. दोन कॅमेरे त्याने बघून ठेवले होते. एक मिररलेस, नवशिक्यांसाठीचा, भिंगं बदलता येणारा. दुसरा खिशात मावणारा, वॉटरप्रूफ. कुठला हवा ते सांगा, मागवून टाकतो. मी विचारलं, फरक काय? त्याने फरक सांगितला. मला कळला नाही. त्याने पुन्हा सांगितला. तो फोन ठेवल्यावर मी घड्याळात पाहिलं. एकोणीस मिनिटं झाली होती.

त्या दुपारी मी ओट्यापाशी उभ्याने जेवलो नाही. ताट वाढून घेतलं.

ताटापुढेच मला उमगलं की जोवर मी कॅमेरा निवडत नाही तोवर रविवार लांबतो, आणि निवडला की पुन्हा चार मिनिटं. इतक्या ठाम निश्चयाने आजवर कुणी द्विधा मनःस्थितीत राहिला नसेल. मी रोज सकाळी दात घासताना मिररलेसच्या बाजूला असायचो आणि रात्री अंथरूण घालताना वॉटरप्रूफच्या.

पण रविवारी बोलायचं तर मुद्दे हवेत, आणि मुद्दे मिळवायचे तर शेजाऱ्यांना विचारायला हवं. इथून माझी अब्रू उतरणीला लागली.

समोरच्या दारात राहणाऱ्या वहिनी निवृत्त परिचारिका आहेत. त्यांच्याशी काहीही बोलायला जा, त्या बोलता बोलता तुमचं मनगट धरतात आणि नाडी मोजतात. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला, एवढं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग कशाला घेता, भाऊजी? घरात आहे तो आरसासुद्धा तुम्ही पुसत नाही.” त्यांचं मत वॉटरप्रूफला पडलं. कारण एकच, माझ्या हातून वस्तू पडतात. त्यांनी माझ्याकडे दिलेल्या दोन वाट्यांचं उदाहरण दिलं. दोन्ही वाट्या मी धुऊन, जपून ठेवल्या आहेत असं म्हणायची सोय नव्हती.

वरच्या मजल्यावर पूलवाले साहेब राहतात. त्यांनी नोकरीत एक अख्खा पूल बांधला, आणि तो अजून उभा आहे हे ते दर पावसाळ्यानंतर सगळ्यांना कळवतात. साहेबांनी कागद घेतला, त्यावर सवयीने दोन खांब काढले आणि विचारलं, भार किती येणार? मी म्हटलं, कसला? तर म्हणाले, फोटोंचा. वर्षाकाठी किती फोटो काढता? मी म्हटलं, गेल्या वर्षी एकही नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. साहेबांनी खांबांच्या मधोमध एक शून्य काढलं, त्याला चौकट केली, आणि बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. मग मला चहा दिला. त्यांचं मत मिररलेसला पडलं, कारण पुढेमागे भार वाढला तर भिंग बदलता येतं.

वहिनी आणि साहेब यांच्यात जिन्यात यावरून वाद झाला. दोघांनाही मी सांगितलं की तुमचंच बरोबर आहे, आणि तेवढा आठवडा दोघांकडून मला भाजी आली.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी मुद्रितशोधक होतो. छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. घरोघरी हे काम फुकट चालतं, मला त्याचे पैसे मिळत, एवढाच फरक. छत्तीस वर्षांत लाखो प्रुफं या डोळ्यांखालून गेली. आणि चौथ्या आठवड्यात मुलाने साहेबांच्या संगणकावर दोन्ही कॅमेऱ्यांचा तुलनेचा तक्ता पाठवला, तोही मला सोपं जावं म्हणून यंत्राकडून आपल्या भाषेत आणवलेला. माझा फोन बटणांचा. त्याला फक्त ऐकू येतं, दिसत नाही. म्हणून साहेबांनी तक्ता छापून दिला.

त्या तक्त्यात वॉटरप्रूफला ‘पाण्याचा पुरावा’ म्हटलं होतं. पडला तरी फुटत नाही, याला ‘धक्क्याचा पुरावा’. नवशिक्यांचा कॅमेरा हा ‘प्रवेशद्वाराच्या पातळीचा’ होता, आणि भिंगाला तक्ताभर कुठे काच, कुठे डोळा, कुठे मसूर म्हटलं होतं. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता चिखल. मी स्वतःला बजावलं की हे प्रेमाने पाठवलेलं आहे, हात लावायचा नाही. पण व्यसनी माणसापुढे बाटली ठेवून त्याला बजावून काय उपयोग? तासाभरात त्या पानावर माझ्या लाल पेनाच्या त्रेचाळीस खुणा होत्या. तो कागद मी साहेबांना दाखवला, आणि त्यांनी भाबडेपणाने तो मुलाला परत पाठवून दिला.

रविवारी मुलगा म्हणाला, “बाबा, कागद मिळाला. लाल.” आणि गप्प झाला.

ही गप्प होण्याची पद्धत माझ्या ओळखीची होती. सतराव्या वर्षी तो वसतिगृहात गेला, आणि दहा दिवसांनी त्याचं पहिलं पत्र आलं. दोन पानी होतं. जेवणाबद्दल, खोलीतल्या पंख्याबद्दल, आणि शेवटी एकच ओळ वेगळी काढून लिहिलेली, ‘मला इथे करमत नाहि.’ मी ते पत्र वाचलं, म्हणजे तपासलं. ‘नाहि’भोवती गोल केला, समासात ‘दुसरी वेलांटी’ असं लिहिलं, आणखी सात चुका दाखवल्या आणि परतीच्या टपालाने ते त्यालाच पाठवून दिलं, कारण कच्चं लिहिण्याची सवय लहानपणीच मोडावी लागते. त्याची आई एवढंच म्हणाली, “त्याने काय लिहिलं, आणि तुम्ही काय वाचलंत.” माझ्या दुरुस्त्या बरोबर होत्या. आठही. उत्तर तेवढं द्यायचं राहिलं. त्यानंतर मुलाने मला पत्र लिहिलं नाही. फोन करायला लागला. फोनवर वेलांटी दिसत नाही.

तर त्या गप्प होण्यानंतर तो एकदम म्हणाला, “मी काय म्हणतो, मिररलेसच मागवू. पाण्यात तुम्ही कुठे जाता?”

पाच रविवारांचा माझा संसार एका वाक्यात आवरला जात होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “जातो की. पोहायला शिकतोय मी.”

फोनमधून इतका आनंद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. खरंच? कधीपासून? कुठे? कोण शिकवतं? सदतीस मिनिटं मी न पाहिलेल्या तलावाचं, न भेटलेल्या शिक्षकाचं आणि पाण्यातल्या माझ्या चढाईचं वर्णन करत होतो. फोन ठेवल्यावर घर इतकं शांत झालं की नळाखालच्या बादलीत पडणारा थेंब मला हसतोय असं वाटलं.

खोटं बोलण्याची मला सवय नाही. म्हणून सोमवारी सकाळी मी ते खरं करायला निघालो.

सार्वजनिक तलावाच्या कचेरीत एक कारकून बसतो. त्याच्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीला एवढंसं भोक, ज्यातून अर्ज जातो पण माणुसकी जात नाही. अर्जाच्या डोक्यावरच छापलं होतं, ‘पोहोण्याच्या इच्छूकांसाठी’. मी पेन काढलं. अर्ज आत दिला, तर कारकून म्हणाला, खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. मी म्हटलं, ही खाडाखोड नाही, ही दुरुस्ती आहे. त्याने दुसरा अर्ज दिला. यावेळी मी शीर्षकाकडे बघितलंच नाही, पण खाली ‘नियमावलि’ होती. तिसऱ्या अर्जाच्या वेळी मी पेन त्याच्याकडेच ठेवलं, आणि तो एकेक रकाना विचारत गेला, मी सांगत गेलो.

अलीकडचा फोटो? नाही. सहा महिन्यांतला चालेल. तोही नाही. मग वर्षातला? मी पाकिटातून निवृत्तीच्या दिवशीचा फोटो काढला. त्यात मी होतो, माझ्या गळ्यात हार होता, आणि माझ्या डोक्यावर केस होते. कारकुनाने फोटो बघितला, मला बघितलं, आणि विचारलं की हे गृहस्थ कोण. मी त्याला समजावलं की घरात फोटो काढायची ती माझी बायको, आणि गेली चार वर्षं मला कुणी फोटोत घेतलेलं नाही. तो म्हणाला, याला रकाना नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी फोटो काढून आणला. त्या दुकानदारानेही ‘हलू नका’ म्हटलं. मला हसू आलं, आणि फोटो हलला. पुन्हा काढावा लागला.

मग शेवटचा रकाना आला. बुडालात तर कुणाला कळवायचं? मी मुलाचा नंबर सांगितला. कारकून आकडे लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, “काका, हा नंबर परदेशातला आहे. तुम्ही इकडे गटांगळ्या खाणार आणि मी तिकडे फोन लावत बसणार का? इथलं कुणी सांगा.”

इथलं कुणी. मी जाळीच्या चौकोनांकडे बघत राहिलो. मागे रांग होती. अखेर वहिनींचा नंबर सांगितला. नातं? मी म्हटलं, “समोरचं दार.” कारकुनाने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. त्याने तसंच लिहिलं. शुद्धही लिहिलं.

गुरुवारी मी पाण्यात उतरलो. चार फूट पाणी, निळ्या फरशा, माझ्या डोक्याला रबराची टोपी, आणि चष्मा काढल्यामुळे समोरचं सगळं जग न तपासलेल्या प्रुफासारखं. शिक्षक काठावर उकिडवे बसून सांगत होते, “श्वास धरा. आता काठ सोडा.” श्वास मी लगेच धरला. काठही धरलेलाच होता. शिक्षक म्हणाले, दोन्ही नाही धरायचं काका, एक सोडायचं. मी श्वास सोडला.

इकडे नियमाप्रमाणे कारकुनाने वहिनींना फोन लावला होता. तो म्हणाला, तुमचा नंबर दिलेले एकटे राहणारे गृहस्थ पूलवर आलेत, पाण्यात उतरतायत, तुमची काही हरकत नाही ना?

वहिनींनी आयुष्यभर रुग्णालयात अशा फोनांची दुसरी बाजू पाहिलेली. त्या “धरून ठेवा त्यांना” एवढंच बोलल्या आणि फोन बंद करून वर धावल्या. साहेबांना विचारलं, आपल्याकडे पूल किती? साहेब म्हणाले, तीन, त्यातला एक माझा. दोघं टॅक्सी करून आधी साहेबांच्याच पुलावर गेले. सुज्ञ माणूस तोच पूल निवडेल याबद्दल साहेबांच्या मनात शंका नव्हती. तिथे कठड्यापाशी मासे धरत बसलेल्या माणसाला त्यांनी माझं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, असा कुणी पडलेला नाही, पडला तर सांगतो. मग वहिनींना सुचलं आणि त्यांनी आलेल्या नंबरवर उलटा फोन केला. कारकून म्हणाला, “अहो, पूल म्हणजे पोहण्याचा पूल.” साहेब टॅक्सीत बराच वेळ पुटपुटत होते की या शब्दावर बंदी आणली पाहिजे.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी काठ धरून उभा होतो, तेवढ्यात वर दोन आकृत्या आल्या. एकीच्या एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्या पायात बाहेरची, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. दुसरी आकृती धापा टाकत होती. सगळा तलाव पोहायचा थांबला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “असं काही मनात आलं तर आधी दार वाजवायचं. समोरच आहे दार.”

“अहो वहिनी, मी पोहायला आलोय.”

“ते कळलं आता,” त्या म्हणाल्या. “तरी वाजवायचं.”

टोपी घातलेल्या माणसाला असल्या वेळी बघायला जागा नसते. मी पाण्यात तोंड घातलं. ते शिक्षकांना फार आवडलं. पहिल्याच दिवशी एवढी प्रगती कुणी करत नाही म्हणाले. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांच्या चुका दाखवण्यासाठी एक छोटा कॅमेरा असतो. तोच तो, खिशात मावणारा, पाण्याचा पुरावा. त्यांनी तो पाण्यात बुडवून माझा फोटो काढला. पाण्यातला मुद्रितशोधकच म्हणायचा हा माणूस. फरक एवढाच की तो चुका दाखवून झाल्यावर हात पुढे करतो.

साहेबांनी तो फोटो मला छापून दिला आणि मुलालाही पाठवला. चार वर्षांतला माझा पहिला फोटो, कोपऱ्यावरच्या दुकानातला सोडला तर. डोळे घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, काठावरच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. आणि वर, पाण्याच्या पलीकडे, थरथरत्या उजेडात वाकलेली दोन धूसर माणसं. तो फोटो मी आरशाच्या चौकटीत खोचला. त्यासाठी आरसा पुसावा लागला.

रविवारी बरोबर दहाला फोन वाजला. मुलगा आधी नुसताच हसला, खुर्चीवरून उडी मारणाऱ्या त्या पाच वर्षांच्या पोरासारखा. वर दिसतायत ती कोण, त्याने विचारलं. मी म्हटलं, बुडालो तर कळवायची माणसं. तो आणखी हसला. काठ का धरलाय, म्हणाला. मी सांगितलं की सोडायचा धडा पुढच्या आठवड्यात आहे. मी मनातल्या मनात आजच्या चाळीस मिनिटांची बेगमी करत होतो. बुडवल्यावर भिंगावर धुकं येतं का, हा प्रश्न मी खास राखून ठेवला होता.

तेवढ्यात तो म्हणाला, “बाबा, आता गोंधळ संपवला मी. दोन्ही मागवलेत. एक पाण्यातला, एक जमिनीवरचा. मंगळवारी येतील.”

दोन्ही. सहा आठवडे मी ज्या फटीत बोट घालून दार उघडं धरलं होतं, ते दार माझ्याच पोहण्याच्या थापेने बंद झालं होतं. मी म्हटलं, वा, छान. त्याने विचारलं, बरं आहे ना? बरं आहे. गुडघा? आहे. घड्याळात सात मिनिटं झाली होती.

“ठेवू?” तो म्हणाला.

‘ठेव, ठेव’ माझ्या जिभेवर आलंच होतं. वीस वर्षांची सवय. समोर आरशात तो फोटो होता, मिटल्या डोळ्यांचा, काठ धरलेला. माझा श्वासही तसाच धरलेला आहे हे मला कळलं. दोन्ही नाही धरायचं काका.

“थांब जरा,” मी म्हटलं. “तुझ्या त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय.”

“कुठल्या पत्राचं?” त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच गप्प झाला. त्याला कळलं होतं.

“मला इथे करमत नाही रे,” मी म्हटलं.

दोन समुद्रांचं पाणी मधे हललं असेल. पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग तो बोलला, फार हळू, वसतिगृहातल्या त्या पोराच्या आवाजात.

“दुसरी वेलांटी ना, बाबा?”

“पहिली असती तरी चाललं असतं रे,” मी म्हटलं.